मदनकाकांनी सुई टोचली नाही

आमच्या इंझोरीत कुणाचं ढोर फुगलं की अजूनही आधी मदनकाकांचं नाव निघतं. मदनसिंग राठोड. गावाच्या पूर्वेला दीड किलोमीटरवर तांडा आहे, तिथले. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं परिचराची नोकरी केली. डॉक्टर येत, दोन-तीन वर्षांत बदलून जात, कधी वर्षभर जागा रिकामीच राही. मदनकाका मात्र तिथेच. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली, पण खाकी शर्ट सुटला नाही. ललिताबाई, त्यांची बायको, म्हणते की सरकारनं माणूस परत दिला, शर्ट ठेवून घेतला असता तर बरं झालं असतं.

जनावर फुगतं म्हणजे काय, हे मला लग्न होऊन इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. मी बी.ए. झाले ते कारंज्यात, वडिलांचं घर बाजारपेठेत. हिरवा पाला जास्त खाल्ला की गायीबैलांच्या पोटात हवा धरते, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, नगाऱ्यासारखी वर येते, आणि वेळेवर काही केलं नाही तर तासा-दोन तासांत जनावर जातं. मदनकाकांकडे त्यासाठी एक जाड सुई होती, तिच्यावर बसणारी नळी होती. निवृत्तीच्या दिवशी तेव्हाच्या डॉक्टरांनी ती त्यांना देऊन टाकली होती. योग्य जागी टोचायची, सुई काढून घ्यायची, नळी ठेवायची. हवा शिट्टी वाजवत बाहेर येते. गावातल्या निम्म्या लोकांनी ती शिट्टी ऐकलेली आहे.

पण लोक त्यांची आठवण काढतात ती सुईसाठी नाही, चौकश्यांसाठी. गोठ्यात आले की आधी ढोराला हात लावत नाहीत. मालकाला विचारतात. सकाळी काय खाल्लं? किती खाल्लं? पाणी कधी पाजलं? काल शेण कसं होतं? मागच्या खेपेला कधी फुगलं होतं? मालक चिडतो.

"अहो मदनभाऊ, ढोर मरून राह्यलं अन् तुमी कायले चौकश्या करून राह्यले?"

"ढोर बोलत नाई बाप्पा. तू तं बोलतं ना?"

हे मी इतके दिवस दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते माझ्याच घरी घडलं, आणि आमच्या गोठ्यात फुगलेलं कुणीच नव्हतं.

माझी मुलगी वैभवी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथे पाच-सहा जणांचा एक गट रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवतो. फोमची पातळ फळी कापून पंख, पुढे मोटर, पोटात बॅटरी. सुट्टीत ती एक विमान घरी घेऊन आली होती. सोयाबीन निघून गेलेल्या वावरात रोज सकाळी उडवायची. जानेवारीत नागपूरला स्पर्धा होती, त्यात विमान कोण उडवणार हे अजून ठरायचं होतं, आणि तिला ते काम हवं होतं. मला विमानाचं कौतुक होतं, बॅटरीची भीती होती. एकदा तिच्या मोबाईलवर अशी बॅटरी पेटतानाचा व्हिडिओ चुकून माझ्या नजरेला पडला होता. त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "हे असलं काही घरात दिसलं तर विमानबिमान सगळं बंद." हे वाक्य बोलल्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी आमची मांजर समोरच्या खोलीत शिरली. त्या खोलीत दुसऱ्या वेच्याचा कापूस भरलेला होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दाराशी गुडघ्याएवढा, पुढे चढत जाऊन मागच्या बाजूला छताला टेकलेला. मांजर पिलं घालायला जागा शोधत असणार म्हणून मी दारातून कापसावर चढले आणि गुडघ्यापर्यंत रुतत आत गेले. भिंतीतल्या देवळीत जुनी वर्तमानपत्राची घडी होती. तिच्यावर वैभवीची बॅटरी.

साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, निळ्या प्लास्टिकच्या वेष्टनातली, एका टोकाला लाल आणि काळी तार. ती नेहमी विटेसारखी चपटी असायची, मी पाहिलेली होती. आता मधून उशीसारखी वर आली होती. वेष्टन ताणून चकचकीत झालं होतं आणि बॅटरी कागदावर सपाट बसत नव्हती, पोटावर डोलत होती. मी हात लावला नाही. आले तशी मागे सरकत बाहेर आले.

घरचे, म्हणजे वैभवीचे बाबा, सकाळीच कारंज्याला गेले होते. वैभवी अंगणात विमानाचा पंख चिकटवत होती. मी तिला हाक मारली. माझा चेहरा पाहून तिला कळलं.

"आई, मी फेकणारच होते गं."

"कधीपासून आहे ती तिथं?"

"काल ठेवली."

"कापसावर?"

"तिथं कोणी जात नाही म्हणून."

एवढ्यात माझा पुतण्या राजू आला. तो कारंज्यात मोबाईलच्या दुकानात बसतो, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्यानं दारातूनच मान वाकवून पाहिलं.

"अव काकू, एवढंच ना? टाचनी द्या. एक भोक पाडतो, फुस्स करून हवा निघते, मंग दाबून चपटी करून टाकू."

"दादा, नाही हां! भोक नाही पाडायचं!" वैभवी ओरडली.

"तुले जास्त समजते काय माह्यापेक्षा? दुकानात मी रोज पाह्यतो."

मला तेव्हा दोघांपैकी कुणाचंच खरं वाटेना. वैभवीनं एक दिवस लपवलं होतं, म्हणून तिच्यावर विश्वास नव्हता. राजूचा हात मला माहीत होता, तो घाईचा. पण हवा काढायची हे मात्र डोक्यात पक्कं बसलं. फुगलंय, तर हवा काढायला हवी. आणि हवा काढायची तर ज्याचा हात चाळीस वर्षं त्यातच गेला त्यालाच बोलवायला हवं, टाचणीवाल्याला नाही. मी राजूला म्हटलं, गाडी काढ, तांड्यावर जा, मदनकाकांना घेऊन ये, आणि सांग की सुई-नळी घेऊनच या.

आज लिहिताना हसू येतं. त्या वेळी मला हे जगातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटलं होतं.

मदनकाका आले ते सरळ गोठ्याकडे वळले. हातात कापडात गुंडाळलेली सुई. गाय रवंथ करत होती, गोऱ्हा उभा होता. त्यांनी दोघांच्या भकाळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, हे तं दोघंबी माह्यापेक्षा ठणठणीत हायत."

"काका, गाय नाही. इकडे." मी त्यांना समोरच्या खोलीच्या दाराशी नेलं आणि देवळी दाखवली. "वैभवीची बॅटरी फुगलीय. तिच्यातली हवा काढून द्या."

राजू मागे उभा राहून तोंड दाबून हसत होता. मदनकाका हसले नाहीत. त्यांनी सुई ओट्यावर ठेवली, चप्पल काढली, दारात उकिडवे बसले आणि तिथूनच बराच वेळ बॅटरीकडे पाहत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "हिचा मालक कोन?"

"मी, आबाजी." वैभवी.

"इकडे ये. बस. कवापासून फुगली?"

"काल दुपारी पाहिली तेव्हा थोडी होती."

"अन् आज?"

"आज जास्त आहे."

"म्हंजे वाढून राह्यली. त्याच्या आधी काय झालतं? पडलीगिडली होती काय?"

वैभवीनं माझ्याकडे पाहिलं. त्यांनी लगेच हात आडवा धरला. "आईकडे पाहू नको. मी इचारून राह्यलो."

"रविवारी विमान निंबाच्या झाडावर आपटलं. बॅटरीचा एक कोपरा चेपला."

"मंग?"

"मग मी तीच चार्ज केली."

"पोटभर?"

"पूर्ण. आणि उडवली नाही. तशीच भरलेली ठेवली, पत्र्याच्या पेटीवर, खिडकीजवळ."

"उन्हात."

"हो."

"दुसरं काई? खरं सांगजो. ढोराचा मालक एक गोष्ट लपवते अन् थेच खरी असते."

वैभवीनं देवळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "वास येतोय. काल नव्हता. गोडसर, नेलपॉलिशसारखा. सरांनी वर्गात सांगितलं होतं, असा वास आला की आतली पिशवी कुठेतरी उसवली समजायचं."

त्यातलं एकही वाक्य तिनं मला सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलं होतं ते ओरडून, आणि तिनं उत्तरं दिली ती माझ्या ओरडण्याला. हा माणूस उकिडवा बसून, विडीच्या दुकानावर गप्पा माराव्यात तसा विचारत गेला, आणि मुलगी सगळं सांगत गेली.

"मग आता टोचा ना काका," मी म्हटलं. "वाट कसली पाहायची?"

मदनकाका उठले. "नाई, सूनबाई. मी नाई टोचत."

"का?"

"मले हिचं पोट ओळखीचं नाई."

राजू म्हणाला, "अहो आबाजी, हवाच तं हाय."

"थे तुले कोनं सांगितलं? तू आत जाऊन पाह्यलं काय?" मग ते ओट्यावर बसले आणि आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी मी गावात कधी ऐकली नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षाची. नानीबाई म्हणून तांड्यावर एक बाई होती, तिचा बैल भुईमुगाचा ओला पाला खाऊन फुगला. डॉक्टर रजेवर. मदनकाकांनी तोवर चार-पाच ढोरं सुईनं वाचवलेली, हातात जोर आलेला. गेले आणि सरळ टोचलं. शिट्टी वाजलीच नाही. नळीतून फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा, आणि नळी बुजली. त्यांनी दुसरीकडे टोचलं. तिथेही फेस. दिवस मावळायच्या आत बैल गेला.

"डॉक्टर आले तवा म्हनले, मदनसिंग, हवा असन तं सुई. फेस असन तं गोडेतेल पाजाचं, सुई नाई. मले मालूमच नव्हतं का पोटात फेसबी असते. भायेरून दोनी पोटं सारखीच दिसतात." त्यांनी ओट्यावरची सुई जरा बाजूला सरकवली. "नानीबाईनं मले एक शब्द नाई म्हटला. मलेच भाकर तोडून देली. त्या दिवसापासून मी आधी इचारतो. अन् नाई समजलं तं नाई म्हनतो."

मग ते वैभवीकडे वळले. "तुह्या दवाखान्याचा डॉक्टर कोन?"

"म्हणजे?"

"ज्याले हे पोट ओळखू येते असा मानूस. त्याले फोन लाव."

वैभवीचा चेहरा पडला. तो माणूस म्हणजे तिचे सर. सरांना कळलं की तिनं आपटलेली बॅटरी न तपासता चार्ज केली, वर ती कापसात ठेवली, तर नागपूर गेलंच. हे तिनं म्हटलं नाही, पण मला तिच्या बोटांवरून कळलं; ती फोनची काच नुसती पुसत होती. मदनकाकांनी घाई केली नाही. फक्त एकदा खोलीतल्या कापसाकडे पाहिलं, एकदा आमच्या छताच्या लाकडांकडे पाहिलं. तिनं नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

सरांना तिनं सगळं सांगितलं, मदनकाकांना सांगितलं होतं त्याच क्रमानं. मग सर एकदम कामाचं बोलू लागले. टोचायचं नाही, दाबायचं नाही, पुन्हा चार्जिंगला लावायचं नाही. आत बाहेरची हवा शिरली की ती पेटू शकते. वास येतोय म्हणजे तिला कसली वायर जोडून रिकामी करण्याच्याही भानगडीत पडू नका, पाण्यात टाकू नका, कचऱ्यात तर नाहीच नाही. लाल आणि काळ्या तारेची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगवेगळी चिकटपट्टी लावा. लोखंडी भांड्यात कोरडी रेती घ्या, तिच्यावर ठेवा, वरून रेती घाला, झाकण घट्ट लावू नका. घरापासून, चाऱ्यापासून लांब, उघड्यावर. पेटलीच तर जवळ जाऊ नका, धूर वाईट असतो, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा.

"सर," मदनकाकांनी विचारलं, "उचलताना कोनत्या बाजूनं धराची?"

"चेपलेल्या कोपऱ्यावर जोर येऊ देऊ नका. आपण कोण बोलताय?"

"मी ढोराच्या दवाखान्यातला शिपाई होतो."

"बरं." सर म्हणाले. "तुम्ही आहात तिथे हे चांगलं आहे."

यानंतरचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. राजूचं म्हणणं, आधी कापूस बाहेर काढू. तो काढायला दिवस गेला असता, आणि बॅटरी डोक्यावर तशीच. मदनकाका म्हणाले, "बिमार हलवू बाप्पा, अख्खं गाव हलवू नोको." पण बिमारापर्यंत जायचं कापसावरूनच. पाय रुतला, तोल गेला, तर हातातलं सुटणार. त्यांनी आमच्या पलंगाच्या फळ्या काढायला लावल्या आणि दारापासून देवळीपर्यंत कापसावर अंथरल्या. दोन्ही बाजूंना ओली पोती टाकली. न्हाणीघराच्या बांधकामाची रेती उरली होती, तिच्यातली वरची कोरडी रेती घमेल्यात भरली. गाय आणि गोऱ्हा मागच्या वावरात बांधले. खळ्यात, घरापासून साठ-सत्तर पावलांवर, मधोमध झाडून जमीन उघडी केली. मग त्यांनी बोंडातला कापसाचा एक पुंजका तोडला, पिंजला आणि त्या झाडलेल्या जागेवर उभं राहून हवेत सोडला. तो तरंगत कडब्याच्या गंजीकडे गेला. त्यांनी घमेलं ठेवायची जागा बदलली, गंजीच्या पलीकडच्या अंगाला नेली आणि तिथून पुन्हा पुंजका सोडला. आता तो मोकळ्या वावराकडे गेला.

"मी जातो," राजू म्हणाला.

"तू दारात थांब. कोनाले आत येऊ देऊ नोको. काकूले तं बिलकूल नाई." मग वैभवीला म्हणाले, "तू चाल माह्यासंग. तारा तुले समजतात, वजन मले समजते."

मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी दारातून बाजूला झाले.

दोघं फळ्यांवरून आत गेले. वैभवीनं चिकटपट्टीचे दोन तुकडे दातात धरले होते. एक तार, मग दुसरी. मदनकाका तिला हळू आवाजात सांगत होते, दूध काढताना बिचकलेल्या गायीशी बोलावं तसं: "हां. झालं. आता दुसरी. काई घाई नाई." मग त्यांनी घमेलं देवळीच्या कडेला लावून धरलं आणि तिनं शाळेतल्या लाकडी फूटपट्टीनं वर्तमानपत्राची घडीच अलगद ओढली. बॅटरी कागदासकट रेतीवर आली. त्यांनी तिला कागद काढून घ्यायला लावला. रेतीवर पेटणारं काही नको.

मग ते निघाले. आधी वैभवी बाहेर आली, मागून ते, घमेलं दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून. सत्तरीच्या घरातला माणूस. दाराचा उंबरा त्यांनी पायानं चाचपून ओलांडला. अंगणात राजूनं "सांभाळून" म्हटलं, तर म्हणाले, "तू बोलू नोको, मी मोजून राह्यलो." पावलं मोजत होते की काय, मला माहीत नाही. घमेलं खळ्यात टेकलं, वैभवीनं वरून रेतीच्या दोन ओंजळी टाकल्या, ते वारा पाठीशी घेऊन मागे सरले, आणि वैभवी माझ्याकडे चालत आली. मी तिला धरलं तेव्हा तिच्या केसात सगळा कापूस होता.

ती पेटली नाही. हे सांगायला हवं, कारण नंतर गावात ज्यानं त्यानं आपापली आग त्यात घातली. ना धूर, ना आवाज. रेतीत नुसती पडून राहिली. संध्याकाळी वैभवीचे बाबा आले आणि रिकाम्या खळ्यात घमेल्यापासून वीस पावलांवर बाज टाकून बसलेल्या मदनकाकांना पाहून त्यांना काही समजेना. सर म्हणाले होते की पहिले काही तास लक्ष ठेवा. मदनकाका म्हणाले, मग ठेवतो. ललिताबाई भाकरी घेऊन तांड्यावरून आली.

"छत्तीस साल ढोराजवळ बसले. आता घमेल्याजवळ बसा. माह्याजवळ कवा बसान?"

"तू फुगशीन तवा."

"मी फुगलेलीच हाव तुमच्यावर, तुमचं ध्यान कुठी हाय!"

सरांनी कळवलं की असलं सामान ठरलेल्या ठिकाणी पोचवणारी गाडी कॉलेजात सोमवारी येते. रविवारी त्यांचा माणूस लोखंडी पेटी घेऊन येईल. वैभवीला वाटलं, आपणच बसनं नेऊन देऊ. मदनकाकांनी कपाळाला हात लावला. "पन्नास लोकाईच्या मधात? तुले कोनं सांगितलं का थे आता मरून गेली?" म्हणून पाच दिवस ती बॅटरी आमच्या खळ्यात राहिली. ते रोज सकाळी आणि दिवस मावळताना दीड किलोमीटर चालत येत. लांबून पाहत, वास घेत, एका फाटक्या वहीत काहीतरी लिहीत आणि जात. शुक्रवारी आभाळ भरून आलं, तर चार विटांवर तिरपा पत्रा ठेवला, हवा जाईल असा. त्यांना कुणी हे करायला सांगितलं नव्हतं. चहाही ते एक दिवसाआड घेत, रोज घेतला की सवय लागते म्हणून.

रविवारी जीप आली. प्रयोगशाळेतला तरुण माणूस उतरला, घमेलं पाहिलं, पत्रा पाहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे पण एवढं नीट ठेवत नाहीत." मदनकाकांनी त्याला वहीचं पान फाडून दिलं. मी ते आधी वाचलं होतं. दवाखान्याच्या केसपेपरसारखं आखलेलं. मालक: वैभवी रामकिसन. प्रकार: विमानाची बॅटरी, तीन घरांची (सेल). तक्रार: फुगवटा. कारण: रविवारी झाडावर पडली, कोपरा चेपला, नंतर पूर्ण चार्ज, उन्हात ठेवली. वास: मंगळवारी गोड, बुधवारी कमी, गुरुवारपासून लांबून येत नाही. फुगवटा: मंगळवारनंतर पाहिला नाही, रेती उकरली नाही. उपचार: केला नाही. शेवटची ओळ त्यांनी खाली रेघ मारून लिहिली होती.

त्या माणसानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि जाताना वैभवीला म्हणाला की सरांनी विचारलंय, नागपूरच्या नावांमध्ये तुझं नाव ठेवू का. घरून होकार असेल तर आजच कळव. म्हणजे चेंडू माझ्याकडे आला. जीप गेली. वैभवी पत्रा उचलायला लागली. मी मदनकाकांना बाजूला घेतलं.

"काका, तुम्ही सांगा. जाऊ देऊ का तिला? ह्या असल्या बॅटऱ्या घेऊन?"

माझी खात्री होती की ते म्हणतील, जाऊ द्या, पोरगी हुशार आहे. लोक असंच म्हणतात.

"थे मले नाई समजत, सूनबाई," ते म्हणाले. "पोरगी तुमची हाय. तिचं तिलेच इचारा. पन बसून इचारा."

आणि रिकामं घमेलं उपडं करून, उरलेली रेती पायानं सारखी करून ते तांड्याकडे चालू लागले.

मी ओट्यावर बसले. वैभवीला शेजारी बसवलं. म्हटलं, तुझ्याकडे आणखी किती बॅटऱ्या आहेत? ती म्हणाली, दोन. कशा आहेत? तिनं त्या आणल्या आणि फरशीवर ठेवून दाखवल्या. एक सपाट बसली. दुसरीकडे बोट करून ती म्हणाली, "आई, ही अजून सपाट आहे, पण उडवून झाल्यावर खूप गरम होते. मी सरांना सांगितलं नाहीये. सांगितलं तर नागपूरला एकाच बॅटरीवर उडवावं लागेल."

"मग?"

"मग एकाच बॅटरीवर उडवीन."

तिनं माझ्यासमोर फोन लावला. सरांशी बोलताना तिनं बॅटरी कधी घेतली, किती वेळा चार्ज झाली, कधी गरम झाली, हे एकेक करून सांगितलं, काहीच न वगळता. तिचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले. मग फोन हातात घेऊन सरांना म्हटलं, घरून होकार आहे.